वाचक विचारतात: फुफ्फुसाला स्टेम सेल, सोनं मोडावं का?

प्रश्न: डॉक्टरकाका, माझे मोठे काका, वय ५८, शुगर आहे. मेळ्यातून आल्यावर सर्दी-ताप झाला, चार दिवस घरीच काढले, मग दम लागायला लागला म्हणून ॲडमिट केलं तर न्यूमोनिया निघाला आणि दुसऱ्याच दिवशी व्हेंटिलेटर. डॉक्टर म्हणतात एआरडीएस आहे, म्हणजे फुफ्फुसात पाणी भरून ऑक्सिजन रक्तात पोचत नाही, आणि तेही सिव्हियर. आता बाहेरगावच्या एका सेंटरमधून रोज फोन येतोय की नाळेच्या स्टेम सेल्स देऊ, फुफ्फुस नवीन तयार होतं, दोन डोसचे साडेसहा लाख, आणि जेवढा उशीर कराल तेवढा उपयोग कमी. काकू मंगळसूत्र सोडून सगळं सोनं पुढ्यात काढून बसलीय, बाबा म्हणतात थांबा, चुलतभाऊ म्हणतो पैशाकडे बघू नका. एक रिसर्च पेपर पण पाठवलाय त्यांनी, त्यात ९१ टक्के लोक वाचले असं आहे. काय करू?
– पुतण्या, चिटणिसांची गोठ, लष्कर

उत्तर: आधी एक सांगतो, हा अंक हातात येईपर्यंत महिना जातो आणि आयसीयू कुणासाठी महिनाभर थांबत नाही, म्हणून या मुलाशी मी त्याच दिवशी फोनवर बोललो. त्याला जे तुकड्यातुकड्यात सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण असे फोन आता बऱ्याच घरी येतात आणि ते नेमके अशाच वेळी येतात जेव्हा घरातल्या कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

फोनवर मी पहिलं विचारलं की काकांचा एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन वगैरे मोजतात त्या तपासणीचा, कागद आहे का. होता. रक्तातला ऑक्सिजन ७० आणि मशीनवर ऑक्सिजन ८० टक्के. सत्तरला ०.८ ने भागा, साधारण ८७ येतं. तुम्हीआम्ही साध्या हवेत बसलोय, हवेत ऑक्सिजन २१ टक्के, आपला आकडा ४५० च्या आसपास येतो. ३०० च्या खाली आला की एआरडीएसचा विचार सुरू होतो, १०० किंवा त्याच्या खाली म्हणजे सिव्हियर. म्हणजे डॉक्टर घाबरवत नव्हते, खरंच वाईट होतं. २०१६ मध्ये ५० देशांतल्या आयसीयूंचा एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात सिव्हियरवाल्यांपैकी ४६ टक्के लोक हॉस्पिटलमध्येच गेले. हा आकडा मी त्या मुलाला तेव्हा सांगितला नाही, आता लिहितोय.

आता फुफ्फुसात होतं काय ते बघा. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून हवेचे छोटे फुगे असतात सुमारे ४८ कोटी, सगळे उलगडून पसरले तर टू बीएचके फ्लॅटच्या फरशीएवढी जागा होईल, आणि हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो तो एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ. श्रीखंडाला चक्का बांधतो ना आपण, फडकं चांगलं असेल तर फक्त पाणी गळतं आणि चक्का वर राहतो, पण फडकं विरलेलं असेल तर चक्कासुद्धा खाली भांड्यात येतो. तसंच. इन्फेक्शन होतं, शरीराचे सैनिक पेशी तिथे तुटून पडतात, जंतू मारता मारता पडद्याचे धागेही उसवतात, मग रक्तातलं प्रोटीनवालं पाणी फुग्यांत उतरतं, फुगे चिकटू नयेत म्हणून जो साबणासारखा थर असतो तो वाहून जातो आणि फुगे मिटायला लागतात. अँटिबायोटिकने जंतू मेले तरी ही गळती लगेच थांबत नाही, हीच तर खरी अडचण. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १२ पेशंटचं वर्णन करून हा आजार पहिल्यांदा वेगळा काढला आणि इतकी वर्षं झाली तरी ही गळती थेट बंद करणारं एक औषध आपल्या हातात नाही. म्हणूनच स्टेम सेलची आशा वाटली, आणि आशा वाटणं काही चूक नव्हतं, ते मी आधीच कबूल करतो.

पण 'नवीन फुफ्फुस तयार होतं' हे जे फोनवाला बोलला ते साफ खोटं आहे.

ज्या पेशी देतात त्यांना मेसेनकायमल पेशी म्हणतात, बोन मॅरोतून काढतात, चरबीतून काढतात किंवा बाळाच्या नाळेतल्या जेलीसारख्या भागातून, मग लॅबमध्ये वाढवतात आणि शिरेतून ड्रिपने सोडतात. या पेशी आकाराने मोठ्या, फुफ्फुसातल्या केशवाहिन्या बारीक, त्यामुळे बहुतेक पेशी तिथेच अडकतात, आणि अडकून त्या फुफ्फुस बनतात का, तर नाही, काही दिवसांत त्या बहुतेक नाहीशाच होतात. मग उपयोग कसला? तर जाईपर्यंत त्या रसायनं सोडतात, काही सूज शांत करणारी, काही पडदा सांधणारी, काही जंतूंना मारणारी, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर असंही दिसलंय की स्वतःमधली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारी छोटी इंजिनं, काढून आजारी पेशीला देतात. आपल्या लग्नात एक काका असतात बघा, स्वतः पाण्याचा ग्लास उचलत नाहीत पण आचाऱ्याला हलवतात, रुसलेल्या व्याह्यांना गप्प बसवतात, कुणाला कुठे बसवायचं ते सांगतात, आणि जेवणावळ उठायच्या आत निघूनही जातात. या पेशी त्या काकांसारख्या. वाडा बांधणारे गवंडी त्या नाहीत. गंमत अशी की आर्नॉल्ड कॅप्लन नावाच्या ज्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये यांना मेसेनकायमल स्टेम सेल म्हटलं त्यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव आता बदला, यातला 'स्टेम' शब्द लोकांची दिशाभूल करतो. नाव ठेवणाऱ्यालाच पस्तावा झाला आणि इथे सेंटरच्या पाट्यांवर तोच शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात! फुफ्फुसाची खरी दुरुस्ती करतात त्याच्या स्वतःच्याच टाइप टू नावाच्या पेशी, त्यांना फक्त वेळ मिळायला हवा.

आता पुराव्याचं. उंदरांवर फार छान रिझल्ट आले, आणि दान केलेलं पण ट्रान्सप्लांटला न चाललेलं माणसाचं फुफ्फुस मशीनवर चालू ठेवून त्यात या पेशी सोडल्या तर पाणी कमी झालं, हेही २००९ मध्ये दाखवून झालंय. मग माणसांवर. अमेरिकेत डॉ. मायकल मॅथे यांच्या टीमने आधी फक्त ९ पेशंटना देऊन बघितलं, त्रास झाला नाही, मग ६० पेशंटची ट्रायल केली, ४० जणांना पेशी आणि २० जणांना नुसतं डमी, म्हणजे पेशी नसलेली ड्रिप, कुणाला काय दिलं ते ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. डोस किती माहितीय, वजनाच्या दर किलोला एक कोटी पेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साठ कोटी. २०१९ मध्ये रिझल्ट छापला. २८ दिवसांत पेशीवाल्या ४० पैकी १२ गेले, डमीवाल्या २० पैकी ३. बघून दचकायला होतं, पण पेशीवाला ग्रुप मुळातच जास्त आजारी निघाला होता आणि हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो असं गणित सांगतं, त्यामुळे पेशींनी मारलं असं कुणी म्हणत नाही. पण पेशींनी वाचवलं असंही कुणी म्हणू शकत नाही.

आणि याच ट्रायलमधली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती फोनवाले कधीच सांगणार नाहीत. पेशी लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात, उणे १९६ डिग्री, मग पेशंटसाठी वितळवतात, धुतात आणि देतात. वितळवल्यावर मोजलं तर जिवंत पेशी कुठे ८५ टक्के निघाल्या आणि कुठे ३६ टक्के. म्हणजे एवढ्या नावाजलेल्या सेंटरांत, एवढ्या देखरेखीखाली, एखाद्या पिशवीत निम्म्याहून जास्त मेलेल्या. आता तुमच्या फोनवाल्याला विचारा की तुमच्या पिशवीत किती जिवंत, कुणी मोजल्या, रिपोर्ट कुठाय. या मुलाने विचारलं खरंच. समोरचा म्हणाला 'सर ये सब टेक्निकल है, आप पेमेंट का बताइये'.

तो ९१ टक्केवाला पेपर खोटा नाही हं. मायामीचा आहे, २०२१ चा, कोविडचे पेशंट, नाळेच्या पेशी, एका महिन्यानंतर पेशीवाले ९१ टक्के जिवंत आणि दुसरे ४२ टक्के. पण एकूण पेशंट २४! बारा इकडे बारा तिकडे. क्रिकेटची टीम पण अकराची असते, त्यावरून देशाचं ठरवता का तुम्ही. त्याच सुमारास बोन मॅरोच्या पेशींची एक मोठी ट्रायल चालू होती, ३०० जण घ्यायचे होते, २२२ झाल्यावर देखरेख समितीने सांगितलं की पुढे जाऊन काही सिद्ध होईल असं दिसत नाही, थांबवा. महिन्याभरातले मृत्यू ३७.५ टक्के आणि ४२.७ टक्के, म्हणजे फरक इतका की असला काय नसला काय. फ्रान्समध्ये ४५ जणांवर केली, इंग्लंड-आयर्लंडकडे ६० जणांवर केली, दोन्हीकडे पेशी दिल्याने त्रास झाला नाही पण ऑक्सिजनही सुधारला नाही. सध्याची खरी परिस्थिती एवढीच आहे, त्रास फारसा नाही आणि फायदा सिद्ध नाही. संशोधन संपलेलं नाही, चालू राहायलाच हवं, पण ते काकूच्या पाटल्यांवर नाही.

कायद्याचं पण ऐका. आपल्याकडे आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) आणि डीबीटी (सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या २०१७ च्या गाइडलाइन्स आहेत, त्यात रक्ताच्या आजारांसाठी जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे होतं तेवढंच नेहमीच्या उपचारात धरलंय, बाकी सगळं फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये. पुढे २०२० मध्ये पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजारासाठी एका प्रॉडक्टला औषध म्हणून मंजुरी मिळाली, पण ती ट्रायली करून मिळाली आणि तिचा फुफ्फुसाशी काही संबंध नाही. अमेरिकेतही डिसेंबर २०२४ मध्ये अशा पेशींच्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली तीसुद्धा लहान मुलांमधल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरच्या एका गुंतागुंतीसाठी. आणि ट्रायल असेल तर तुमच्याकडून त्या पेशींचे पैसे घेता येत नाहीत. ट्रायलचं रजिस्ट्रेशन सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलींच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, असतं, फुकट बघता येतं, नंबर मागायचा आणि बघायचा, एथिक्स कमिटीचा कागद मागायचा, त्रास झाला तर नुकसानभरपाई कोण देणार ते लिहून मागायचं. ज्याने साडेसहा लाख मागितले तो ट्रायल करत नाहीये, तो दुकान चालवतोय, एवढं सरळ आहे.

मग काय करायचं, हात बांधून बसायचं? अजिबात नाही. मी त्याला म्हटलं, जा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचार, भांडू नको, नीट विचार. एक, मशीन प्रत्येक श्वासाला किती हवा ढकलतंय. २००० साली ८६१ पेशंटवर सिद्ध झालं की किलोला १२ मिलीऐवजी ६ मिली दिली तर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर येतात, आणि हे वजन काट्यावरचं नाही, उंचीवरून काढायचं, कारण गजक खाऊन पोट वाढतं, फुफ्फुस नाही. काकांची उंची ५ फूट ५ इंच, म्हणजे हिशोबाचं वजन साधारण ६१ किलो, म्हणजे श्वास ३७० मिलीच्या आसपास. दोन, पालथं झोपवताय का आणि किती तास. तीन, स्टेरॉइडचं काय ठरलंय, कारण ते पेशंट बघूनच ठरतं आणि शुगरवाल्यात जास्त जपून.

पालथं झोपवणं हे ऐकायला आजीबाईच्या बटव्यातलं वाटतं म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत. २०१३ मध्ये फ्रान्सच्या ट्रायलमध्ये ४६६ पेशंट, दिवसाचे निदान १६ तास पालथं, आणि २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून थेट १६ टक्क्यांवर. निम्मे! कुठल्याही स्टेम सेलने असा आकडा आजवर दिलेला नाही. पण ते करणं म्हणजे काय ते मी बघितलंय, केलंय. पाच माणसं लागतात, एकजण उशाशी फक्त नळी धरून उभा, तोच एक-दोन-तीन म्हणणार, दोघं इकडे दोघं तिकडे, चादरीच्या कडा गुंडाळून पेशंटला आधी कडेला ओढायचं, मग कुशीवर, मग पालथं, तोवर कॅथेटर, सलाइन, ईसीजीच्या वायरी सगळं सांभाळायचं, डोळे चेपले जायला नकोत, कान दुमडायला नको, हनुवटीखाली कापूस. थंडीच्या रात्री सुद्धा घाम फुटतो. आणि यात कुणालाच साडेसहा लाख मिळत नाहीत म्हणून याच्यासाठी कुणी तुम्हाला फोन करत नाही.

काकांना तिथे पालथं झोपवणं आदल्या संध्याकाळीच सुरू झालं होतं, घरच्यांना 'पोटावर का टाकलं' म्हणून उलट रागच आलेला. सोनं परत कपाटात गेलं. व्हेंटिलेटर अकराव्या दिवशी निघाला, आता घरी आहेत, रात्री थोडा ऑक्सिजन लागतो, आवाज अजून घोगरा आहे आणि मांड्या पार गळाल्यात. हे स्टेम सेल न दिल्याने झालं असंही समजू नका, पेशी दिल्या असत्या आणि बरे झाले असते तर सेंटरवाल्याने श्रेय घेतलं असतं एवढाच फरक. म्हणून तर ट्रायलमध्ये डमी लागतो.

प्रश्न: उंदीर बरे होतात तर माणसं का नाहीत? मी बीएस्सीला आहे.
– एक विद्यार्थिनी, मुरार

उत्तर: चांगला प्रश्न. प्रयोगातला उंदीर तरुण असतो, त्याला शुगर नसते, बीपी नसतं, बिडी तर नाहीच. त्याला इन्फेक्शन कधी दिलं ते घड्याळ लावून माहीत असतं आणि पेशी चार तासांत टोचल्या जातात. माणूस येतो चौथ्या-पाचव्या दिवशी, आधी मेडिकलवाल्याकडून गोळ्या खाऊन, मग एखादी ड्रिप लावून. दुसरं म्हणजे एआरडीएस हा एक आजार नाहीच मुळी, कुणाचा न्यूमोनियातून, कुणाचा पोटातल्या सेप्सिसमधून, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भडकून, आणि २०१४ पासून असं दिसायला लागलंय की काहींच्या रक्तात सूज भयंकर भडकलेली असते आणि काहींच्या तशी नसते, सगळ्यांना एकाच चाळणीत घालून औषध तपासलं तर ज्यांना फायदा झाला असता तेही आकड्यांत हरवतात. कदाचित पुढे रक्त तपासून ठरेल की पेशी कुणाला द्यायच्या. आता तर पेशी न देता त्या ज्या सूक्ष्म पिशव्या सोडतात त्याच द्यायच्या असंही काम चालू आहे. एमएस्सीला विषय घे हाच, लागलं तर पत्र टाक.

प्रश्न: मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट पण फसवणूकच का? माझ्या भाच्याचं ठरतंय.
– दाना ओळी

उत्तर: नाही नाही नाही! ते पूर्ण वेगळं. तिथे रक्त बनवणाऱ्या पेशी देतात आणि त्या खरोखर मॅरोत जाऊन बसतात आणि नवीन रक्त बनवतात. आपल्या देशात १९८३ मध्ये मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी सुरुवात केली. भाच्याचं माझ्या या लिखाणावरून थांबवू नका, कृपा करा.

प्रश्न: स्टेम सेलचा फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना, मग प्रयत्न करायला काय हरकत, पैसा काय मेल्यावर बरोबर नेणार?
– निवृत्त बँक अधिकारी, थाटीपूर

उत्तर: साहेब, त्रास झाला नाही तो ट्रायलमध्ये, जिथे पेशी तपासलेल्या, जंतू नसल्याची खात्री केलेली आणि पेशंटशेजारी आयसीयूची टीम उभी. दुकानात तसं असेलच याची खात्री कोण देणार? फ्लोरिडात एका क्लिनिकमध्ये तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या 'स्टेम सेल' टोचल्या, नजर सुधारायला, तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली, २०१७ मध्ये मोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय. आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस त्यासाठी ॲम्ब्युलन्सने दुसऱ्या शहरात हलवायचा म्हणजे आग्र्याच्या रस्त्यावर धुक्यात चार तास, हा धोका तर कुणी मोजतच नाही. पैशाचं म्हणाल तर मेल्यावर नेत नाही हे बरोबर, पण जगल्यावर लागतो. एआरडीएसमधून उठलेल्या माणसाला महिनोन्महिने फिजिओथेरपी, ऑक्सिजनचं मशीन, चांगलं खाणं आणि बरेचदा नोकरीवर बिनपगारी रजा. तेव्हा कपाटातलं सोनं उपयोगी पडतं.

प्रश्न: सुनेला नववा महिना लागलाय. एक ताई घरी येऊन सांगून गेल्या की बाळाची नाळ बँकेत ठेवा, पुढे आजी-आजोबांच्या फुफ्फुसाला पण उपयोगी पडेल, ईएमआय आहे. ठेवू का?
– होणारी आजी, निंबाळकरांची गोठ

उत्तर: आजी, त्या ताईंनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात भरल्या. नाळेतलं रक्त वेगळं आणि नाळ वेगळी. रक्तातल्या पेशी रक्ताच्या आजारांसाठी, त्या तुमच्या फुफ्फुसाच्या काही कामाच्या नाहीत. आणि वर ज्या पेशींबद्दल इतकं लिहिलं त्या नाळेच्या जेलीतल्या, तर नाळ किंवा बाकी अवयवांचं असं बँकिंग विकायला २०१७ च्या गाइडलाइन्सनुसार परवानगीच नाही, फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकेला लायसन्स मिळतं, आणि तेही स्वतःच्याच बाळाला पुढे कधी लागेल म्हणून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही असं आयसीएमआर म्हणते. घरात आधीच एखाद्या मुलाला थॅलेसीमियासारखा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रक्ताच्या डॉक्टरांशी बोला. शिवाय ट्रायलमध्ये वापरतात त्या पेशी कुणा अनोळखी निरोगी दात्याच्या असतात, घरच्याच लागतात असं काही नाही.

ईएमआयचा फॉर्म परत द्या. आणि आजोबा अजून बिडी ओढत असतील तर बाळ घरात येण्याआधी तेवढं बघा, पत्रात तुम्ही 'आजोबांना खोकला असतोच' असं जे अर्ध्या ओळीत लिहून सोडलंय ते मी वाचलंय. थुंकी तपासून घ्या या आठवड्यात, टीबीची, सरकारी दवाखान्यात फुकट होते.